प्राथमिक शाळेच्या कपाटांत कोणतीं पुस्तकें असावींत?

शिरूर व दौंड या तालुक्यांत अशा कित्येक वाड्या-वस्त्या आहेत कीं, पाठ्यपुस्तकाखेरीज दुसरें पुस्तक मुलाच्या हातीं पडावयाचें तर तें शाळेच्याच कपाटांतून. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें प्रत्येक शाळेस ग्रंथालय असावें, व त्यांत गोष्टींचीं पुस्तकेंहि असावींत, असें ठरविलें. परंतु तें कपाट कशानें भरावें हें विक्रेत्याच्या सवलतीवर सोडूं नये, असें आम्हांस वाटतें.

किंमत पाहण्यापूर्वीं पुस्तकाचें एक पान मोठ्यानें वाचावें. आपलीच जीभ अडखळली तर दुसरीतील मुलाची काय गत होईल? पहिली-दुसरीसाठीं अक्षर ठसठशीत, पानावर दोन-चारच ओळी, आणि चित्र असें हवें कीं, वाक्यांत न सांगितलेलें कांहीं त्यांत सांपडावें. माधुरी पुरंदरे यांचीं पुस्तकें या दृष्टीनें अवश्य पाहावींत. त्या लिहितातहि व चित्रेंहि काढतात. चौथीच्या मुलांस गोष्ट धांवती लागते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पुण्यानजीकच्या फुरसुंगीचा; आमच्या मुलांस तो शेजारचाच वाटेल. 'किशोर' मासिक १९७१ पासून निघत आहे, त्याची वर्गणी भरावीच.

'श्यामची आई' साने गुरुजींनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिली. पालक ती तिसरीच्या मुलास एकट्यानें वाचावयास देतात, आणि तें दहा पानांत थकतें. त्यापेक्षां शिक्षकांनीं तींतील एकेक 'रात्र' वर्गांत वाचून दाखवावी. प्रत्येक गोष्टीखालीं तात्पर्य छापलेलीं पुस्तकें मात्र थोडींच घ्यावींत. मुलें तात्पर्य गाळूनच वाचतात, व त्यांत त्यांचें कांहीं चुकत नाहीं!

दिवाळीच्या सुमारास भीमा व घोड या नद्यांच्या कांठीं ऊसतोडणीच्या टोळ्या उतरतात. त्यांचीं मुलें चार-पांच महिने शाळेंत बसतात आणि हंगाम सरला कीं निघून जातात. "हीं पुस्तकें घेऊन गेलीं तर भरून कोण देणार?" असा प्रश्न निघतो, कारण नोंदवहींत प्रत्येक प्रतीचा हिशेब द्यावा लागतो. म्हणून त्यांस पुस्तक द्यावयाचेंच नाहीं, हें आम्हांस पटत नाहीं. घरांत एकहि पुस्तक नसलेलें मूल तेंच असतें. जाड पुठ्ठ्याच्या एका महाग प्रतीऐवजीं साध्या बांधणीच्या दोन घ्याव्यात, आणि वाचून फाटलेली प्रत निर्लेखित करण्यास मुख्याध्यापकांनीं कचरूं नये.

रांजणगांवच्या कारखान्यांमुळें व दौंडच्या रेल्वेमुळें कांहीं मुलांच्या घरीं हिंदी बोलतात. राष्ट्रीय पुस्तक न्यासाच्या नेहरू बाल पुस्तकालयांतील पुष्कळ पुस्तकें मराठींत व हिंदींतहि मिळतात. एकाच पुस्तकाच्या अशा दोन प्रती शेजारीं ठेवल्या तर चित्रें पाहत दोन मुलें मिळून वाचतात.

खरेदीपूर्वीं नमुन्याचीं वीस पुस्तकें सतरंजीवर मांडून मुलांस अर्धा तास मोकळें सोडावें. कोणतें पुस्तक दोन पानांत खालीं ठेवलें आणि कोणत्यासाठीं ओढाओढ झाली, एवढेंच टिपावें. पालकांनीं घरचीं पुस्तकें आणून द्यावींत, तीं हवींतच. फक्त जुनीं गाइडें व गतवर्षींच्या रोजनिशा त्यांतून आधींच काढाव्यात.