घरातला समुद्र, भाग ६ : शेवाळ आलं, आता?

मागच्या भागात खाऱ्या पाण्याच्या मासेटाकीतले अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येईपर्यंत थांबायचं ठरलं होतं. आकडे उतरतात आणि नेमकं त्याच सुमारास, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, पांढऱ्या वाळूवर तपकिरी पूड दिसू लागते. नवशिके इथे घाबरतात. कुणी वाळू उपसून धुतं, कुणी शेवाळ मारायचं औषध ओततं. वाळू धुतली की महिनाभर जमवलेले जीवाणू वाहून जातात. औषधाने मेलेलं शेवाळ टाकीतच कुजतं आणि पुढच्या शेवाळाचं खत होतं. औषधात तांबं असेल तर गोगलगायीही मरतात.

ही पूड म्हणजे डायटम. एकाच पेशीचा जीव, पण भोवती सिलिकाचं कवच. बोट फिरवलं की पुसला जातो. पाण्यातली सिलिका संपली की त्याची वाढ थांबते, म्हणून बहुतेक टाक्यांत तो काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. ओसरला नाही, तर सिलिका रोज कुठून तरी आत येते आहे असं समजावं.

हुबळीत ती कुठून येते हे शोधायला लांब जावं लागत नाही. कोप्पीकर रोडवर खाली दुकान, वर बिऱ्हाड अशा घरात टाकी ठेवली, तर पाण्याचे पर्याय मोजकेच. शहराला मलप्रभेचं पाणी येतं, सौंदत्तीजवळच्या धरणातून. पण वर्षानुवर्षं अनेक भागांत ते काही दिवसांच्या अंतराने येत आलं आहे, त्यामुळे साठवण आणि बोअरवेल आलीच. खडकातून झिरपलेलं बोअरचं पाणी सिलिका घेऊनच वर येतं, आणि अनेकदा नायट्रेटही.

इथे एक साधा हिशेब करा. २०० लिटरच्या टाकीतून रोज २ लिटर पाणी उडून जातं असं धरू. उडतं ते निव्वळ पाणी. मीठ आणि बाकी सगळं मागे राहतं. तुम्ही रोज २ लिटर भर घालता. शंभर दिवसांत टाकीभर पाणी नव्याने आत गेलं आणि त्यातली सिलिका, नायट्रेट, फॉस्फेट सगळं आतच साचलं. मीठ कितीही महागाचं आणा, भरीचं पाणी बिघडलेलं असेल तर शेवाळ हटणार नाही.

मग स्वयंपाकघरातला आरओ वापरावा का? बऱ्याच घरगुती यंत्रांत चव राहावी म्हणून थोडं मूळ पाणी परत मिसळतात. ते पिण्यासाठी ठीक, टाकीसाठी नाही. आरओनंतर डीआय, म्हणजे उरलेले आयन काढणाऱ्या रेझिनचा टप्पा हवा आणि टीडीएस मीटरवर शून्य हवा. त्यातही एक खोच आहे: सिलिका पाण्यात जवळजवळ विद्युतभाररहित असते, त्यामुळे मीटरला ती फारशी कळत नाही, आणि रेझिन थकलं की आधी तीच निसटते. तपकिरी थर पुन्हा दिसला, तर मीटर काहीही सांगो, रेझिन बदलून पाहा.

कारवारहून समुद्राचं पाणी कॅन भरून आणण्याचा मोह होतो. पण तिथे काळी नदी समुद्राला मिळते. पावसाळ्यात किनाऱ्यालगतची क्षारता घसरते आणि पाण्याबरोबर गाळही येतो. दीडशेहून अधिक किलोमीटर हिंदकळत आणण्यापेक्षा घरी मीठ कालवून घनता १.०२५ ठेवणं सोपं.

डायटमनंतर येतं हिरवं केसाळ शेवाळ. त्याचं खाणं नायट्रेट आणि फॉस्फेट. आपल्याकडे ते जरा जास्तच फोफावतं, आणि त्याचं कारण आहे. समुद्रातले प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे आपल्या किनाऱ्यावरून प्रवाळाचे खडक उचलून आणणं गुन्हा. म्हणून टाकी कोरड्या खडकावर उभी राहते. रिकाम्या वावरात पेरणीआधी तण उगवतं, तसं इथे शेवाळ आधी जागा धरतं. दगडावर गुलाबी, चुनेदार शेवाळाचा थर बसेपर्यंत, म्हणजे कित्येक महिने, हे चालायचंच.

तोवर करायचं काय? दिवे सहा-सात तासच, खिडकीचं ऊन अजिबात नको. गोठवलेलं खाद्य वितळलं की त्याचं पाणी फेकून द्या, त्यातही फॉस्फेट असतं. केस टूथब्रशने घासताना शेजारी सायफनची नळी धरा, म्हणजे तुकडे बाहेर जातील. चाचणीत फॉस्फेट शून्य दिसलं तरी खूष होऊ नका. ते शेवाळाने आधीच गिळलेलं असू शकतं.

उलट, खरोखर शून्य गाठणंही घातक. तिथे डायनोफ्लॅजेलेट येतात: तपकिरी, चिकट, बुडबुडे धरलेले धागे, रात्री विरळ होणारे. डायटमशी गल्लत होते. थोडा थर बाटलीत हलवून कागदातून गाळा आणि पाणी उजेडात ठेवा. तासाभरात पुन्हा धागे जमले तर ते डायनो. त्यांच्यासाठी पाणी बदलत सुटू नका; नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या आसपास ठेवा.

या आठवड्याचं काम एकच: भरीच्या पाण्याची नोंदवही सुरू करा. रोज किती घातलं, कुठून आणलं, मीटरवर किती आलं. पुढच्या भागात पहिला मासा. कोणता, हे त्या वहीतल्या आकड्यांवरून ठरवू.