महिन्याला किती रोल?

हौसेनं फिल्मवर फोटो काढणारे दोघे भेटले की कॅमेऱ्याची चौकशी होते आणि लगेच दोन प्रश्न येतात. महिन्याला किती रोल होतात? आणि कशात धुता? पहिला प्रश्न खिशाचा वाटतो, दुसरा रसायनांचा. पण पहिल्याचं उत्तर ऐकलं की जाणकार माणूस दुसऱ्याचं बहुधा ओळखतो. आणि धुण्याची सोय मोडली की रोलही हळूहळू थांबतात. घरी रोल धुण्याच्या या कारागिरीचं सगळं गणित या दोन प्रश्नांच्या नात्यात आहे.

सुरुवातीच्या काळात ही दोन कामं वेगळी करताच येत नव्हती. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी कोलोडियनची पद्धत जाहीर केली. काचेवर कोलोडियन ओतायचं, काच चांदीच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत धुवायची. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या सभासदांपैकी. त्या पिढीतला हौशी माणूस घराबाहेर फोटो काढायला निघाला की अंधाऱ्या तंबूचं बिऱ्हाड आणि बाटल्या बरोबर घ्याव्या लागत. दिवसाला जितक्या काचा धुवून होतील तितकेच फोटो.

ही गाठ जॉर्ज ईस्टमन यांनी सोडवली. १८८८ मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या कोडॅक कॅमेऱ्यात शंभर फोटोंची फिल्म आधीच भरलेली असे. किंमत २५ डॉलर. शंभर फोटो संपले की अख्खा कॅमेराच रॉचेस्टरच्या कारखान्यात पाठवायचा. १० डॉलरमध्ये फोटो छापून आणि नवी फिल्म भरून तो परत यायचा. बटण दाबणारा एक आणि फिल्म धुणारा दुसरा, ही विभागणी तिथून रुजली.

आपल्याकडे मात्र ती सगळ्यांच्या वाट्याला लगेच आली नाही. १९१३ मध्ये पडद्यावर आलेल्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी दादासाहेब फाळके यांच्या घरातच फिल्मवर प्रक्रिया होत होती. सरस्वतीबाई फाळके कच्च्या फिल्मच्या कडांना भोकं पाडत, रसायनं कालवत, फिल्म धुण्याच्या कामाला हात लावत. चित्रपट साधारण ३,७०० फुटांचा. आजचा छत्तीस फोटोंचा रोल सुमारे साडेपाच फूट लांब असतो. म्हणजे नुसती पडद्यावर दिसलेली फिल्म मोजली तरी ती जवळपास सातशे रोलांइतकी भरते.

हौशी माणसाचा आवाका अर्थातच एवढा नसतो. ३५ मिलिमीटरची आज ओळखीची असलेली डबी कोडॅकनं १९३४ मध्ये रेटिना कॅमेऱ्याबरोबर आणली. तिच्यात २४ बाय ३६ मिलिमीटरच्या छत्तीस चौकटी बसतात. १९०१ पासून चालत आलेल्या १२० फिल्मवर चौरस फोटो काढले तर बाराच मिळतात. उलट हाफ-फ्रेम कॅमेऱ्यात छत्तीसच्या रोलवर बहात्तर फोटो निघतात. १९५९ च्या ऑलिंपस पेननं ही काटकसर लोकप्रिय केली आणि २०२४ मध्ये पेंटॅक्सनं ‘१७’ हा नवा कॅमेरा काढताना तीच चौकट निवडली. मराठी घरांत ऐंशी-नव्वदच्या दशकात एकच रोल गणपतीत कॅमेऱ्यात जाई, दिवाळी आणि एखादी मुंज पाहून मे महिन्याच्या सुट्टीत संपे. आजचा हौशी माणूस तोच रोल रविवारच्या एका फेरफटक्यात संपवू शकतो किंवा दोन-दोन महिने पुरवतो. ज्यांचा वापर जास्त ते शंभर फुटांची अखंड फिल्म घेतात आणि घरीच डब्या भरतात. अशा शंभर फुटांतून छत्तीस फोटोंचे अठरा-एकोणीस रोल निघतात.

इथवर हिशेब फिल्मचा झाला. धुण्याचा हिशेब बाटलीपासून सुरू होतो. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या द्रावणांत, म्हणजे डेव्हलपरांत, सर्वांत प्रसिद्ध डी-७६. १९२० च्या दशकात कोडॅकमध्ये तो सिनेमाच्या फिल्मसाठी तयार झाला. त्याची कृती उघड आहे: एक लिटर पाण्यात मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि बोरॅक्स २ ग्रॅम. मेटॉल आणि हायड्रोक्विनोन प्रत्यक्ष काम करतात. बोरॅक्स द्रावण किंचित अल्कधर्मी ठेवतो. सल्फाइट त्या दोघांना हवेपासून वाचवतं आणि चांदीचे कणही नरम ठेवतं. इलफर्डचा आयडी-११ याच कृतीचा.

गोम अशी की कालवलेलं द्रावण टिकत नाही. काठोकाठ भरलेल्या बंद बाटलीत ते सहा महिने धरतं, अर्ध्या बाटलीत महिनाभर. समप्रमाणात पाणी घालून वापरलं तर एका रोलला साधारण दीडशे मिलिलिटर मूळ द्रावण लागतं, म्हणजे एका लिटरमध्ये सहा रोल. महिन्याला दोन रोल काढणाऱ्याची बाटली तीन महिन्यांत संपते आणि सगळं सुरळीत चालतं. दोन महिन्यांतून एक रोल काढणाऱ्याला तेच लिटर वर्षभर पुरवावं लागेल, आणि ते तोवर तग धरणार नाही. अशा माणसासाठी रोडिनाल आहे. आग्फानं १८९१ मध्ये आणलेला हा डेव्हलपर काकवीसारखा गडद झाला तरी वर्षानुवर्षं काम देतो. तीनशे मिलिलिटर पाण्यात सहा मिलिलिटर घातला की एक रोल धुऊन होतो. त्याची किंमत कणांत मोजावी लागते, कारण फोटोतले दाणे ठळक दिसतात. बाटलीच नको असेल तर कॅफेनॉल आहे: इन्स्टंट कॉफी, धुण्याचा सोडा आणि क जीवनसत्त्व. १९९५ मध्ये रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या एका वर्गातून हा प्रयोग पुढे आला. काम करतं ते कॉफीतलं कॅफेइक आम्ल. कॅफिनचा त्यात हात नसतो.

आठवड्याला दोन-तीन रोल काढणारा वेगळ्या वाटेनं जातो. तो १९९६ मध्ये आलेल्या एक्सटॉलसारखा डेव्हलपर मोठ्या प्रमाणात कालवतो. वापरलेलं द्रावण पुन्हा बाटलीत ओततो आणि दर रोलमागे ७० मिलिलिटर ताजं घालतो. बाटली जुनी होत नाही, काम स्थिर राहतं. अट एकच, की रोल येत राहिले पाहिजेत.

बाकी सामान थोडं आहे. टाकी, रीळ, थर्मामीटर, घड्याळ, मोजपात्रं आणि बाह्या असलेली काळी पिशवी. आधी अंधारात, डोळ्यांच्या मदतीशिवाय, फिल्म चकलीच्या वेटोळ्यासारख्या खाचेत चढवायची. प्लॅस्टिकचं रीळ जरा जरी ओलसर असेल तरी फिल्म मध्येच अडते. मुंबईच्या जुलैमध्ये पिशवीतले हात घामेजतात, म्हणून सराईत माणूस रीळ आदल्या दिवशी वाळवून ठेवतो. टाकीचं झाकण एकदा बसलं की उरलेलं सगळं काम दिव्याच्या उजेडात होतं.

शटर उघडलं तेव्हा फिल्मवरच्या चांदीच्या क्षारांत काही मोजक्या अणूंचे ठिपके तयार झालेले असतात. डेव्हलपर त्या ठिपक्यांपासून सुरुवात करून अख्ख्या कणाची चांदी करतो. ही वाढ अब्जपटींच्या घरात जाते. इलफर्डची एचपी५ प्लस ही फिल्म समप्रमाणात पाणी घातलेल्या आयडी-११ मध्ये २० अंशांना तेरा मिनिटं घेते. दर मिनिटाच्या सुरुवातीला दहा सेकंद टाकी उलटीपालटी करायची. मग डेव्हलपरचं काम थांबवणारा स्टॉप बाथ आणि त्यानंतर फिक्सर, म्हणजे जुन्या स्टुडिओवाल्यांचा हायपो. हायपो चांदीचे क्षार विरघळवतो हे जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्ये दाखवलं. तेव्हा फोटोग्राफीचा जन्मही व्हायचा होता. जलद फिक्सरच्या एका लिटर तयार द्रावणात चोवीस रोल होतात. ते संपत आलं का हे पाहायला रोलच्या सुरुवातीचा कापलेला तुकडा त्यात टाकतात. तो पारदर्शक व्हायला ताज्या द्रावणाच्या दुप्पट वेळ लागला की द्रावण बाद. त्यात उतरलेली चांदी मोरीत सोडू नये. शेवटी नळ सोडून पाणी वाया घालवायची गरज नसते. टाकी भरून पाच वेळा, नव्या पाण्यात दहा वेळा आणि पुन्हा नव्या पाण्यात वीस वेळा उलटवली की पुरतं. बोअरचं जड पाणी असेल तर अखेरची बुचकळी डिस्टिल्ड पाण्याची, नाहीतर वाळताना डाग पडतात.

पुस्तकांतले २० अंश इंग्लंडच्या नळाला शोभतात. गच्चीवरच्या टाकीतून येणारं उन्हाळ्यातलं पाणी सहज तिशीपार असतं. तापमान वाढलं की वेळ घटतो. २० अंशांना चार मिनिटं लागत असतील तर २३ ला तीनच. इतक्या थोड्या वेळात डेव्हलपर सगळीकडे सारखा पोचत नाही आणि निगेटिव्हवर पट्टे उमटतात. यावर दोन उपाय आहेत. बाटल्या बर्फाच्या घमेल्यात ठेवून पाणी गार करायचं, किंवा डेव्हलपर अधिक पातळ करून वेळ लांबवायचा. आपल्याकडे पातळ द्रावणाची आवड दिसते ती यामुळेही. रंगीत निगेटिव्हची गोष्ट उलटी आहे. १९७२ पासून चालत आलेल्या सी-४१ प्रक्रियेला जवळपास ३८ अंश लागतात आणि डेव्हलपरचा वेळ सव्वातीन मिनिटं. थंड देशातल्या माणसाला पाणी तापवून तिथवर आणावं लागतं. विदर्भातल्या मे महिन्यात निम्मं काम ऊनच करतं.

धुण्याची सोय गेली तर काय होतं, याचं सर्वांत बोलकं उदाहरण शिकागोच्या व्हिव्हियन मायर यांचं. त्या मुलं सांभाळणारी आया म्हणून काम करत आणि सुट्टीत रस्त्यावर फोटो काढत. १९५६ पासून एका कुटुंबाकडे राहत असताना त्यांची स्वतंत्र न्हाणी होती आणि तिथेच त्यांची डार्करूम. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते घर सुटलं, डार्करूमही गेली. फोटो काढणं थांबलं नाही, पण न धुतलेल्या रोलांचा ढीग वाढत गेला. २००७ मध्ये त्यांचं सामान लिलावात निघालं, तेव्हा एक लाखाहून अधिक निगेटिव्ह जगासमोर येऊ लागल्या. त्यांतल्या बहुतेकांचे प्रिंट त्यांनी स्वतः कधी पाहिले नव्हते.

छायाचित्रकार गॅरी विनोग्रँड यांना सोयीची अडचण नव्हती. ते मुद्दामच रोल लवकर धूत नसत. फोटो काढतानाची मनःस्थिती विसरल्याशिवाय त्यातलं चांगलं-वाईट कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. पण १९८४ मध्ये ते गेले तेव्हा सुमारे २,५०० रोल न धुतलेले राहिले. व्यावसायिक शिस्त असलेल्या माणसाचंही काढणं धुण्याच्या इतकं पुढे निघून जाऊ शकतं. हौशी माणसानं विनोग्रँड यांची वाट धरू नये, असं मला वाटतं. फोटो काढताना उजेड कसा होता हे आठवतंय तोवर निगेटिव्ह हातात आली, तरच आपली चूक आपल्याला सापडते.

गावोगावच्या कलर लॅब बंद झाल्यापासून पुष्कळांचे रोल कुरिअरनं मोठ्या शहरात जातात. तिथून स्कॅन येतात आणि काम भागतं. फक्त प्रत्येक रोलमागे खर्च आणि वाट पाहणं वाढतं, आणि पुढचा रोल भरताना हात आखडतो. काळी-पांढरी फिल्म घरी धुणाऱ्याचा प्रत्येक रोलमागचा रसायनांचा खर्च फिल्मच्या किमतीपुढे किरकोळ असतो. म्हणून नव्यानं सुरू करणाऱ्यानं दुसरी लेन्स घेण्याआधी टाकी घ्यावी. महिन्याला एखादाच रोल होत असेल तर टिकाऊ डेव्हलपर निवडावा आणि दहा रोल होईपर्यंत फिल्म आणि डेव्हलपर दोन्ही बदलू नयेत. प्रत्येक निगेटिव्हच्या पाकिटावर फिल्मचं नाव, पाण्याचं प्रमाण, तापमान आणि मिनिटं लिहून ठेवावीत. दहावा रोल पहिल्याशी ताडून पाहायला याशिवाय दुसरं साधन नाही.