गोळी सुरू झाली अन् अंथरूण ओले होऊ लागले?

स्किझोफ्रेनियात इतर औषधे लागू पडली नाहीत, तर डॉक्टर क्लोझापिन देतात. या गोळीमुळे काही रुग्णांना झोपेत लघवी होते. मूत्राशयाचे तोंड आवळून धरणारे स्नायू सैल पडतात आणि गुंगीमुळे जागही येत नाही.

लाजेपोटी काही जण हे लपवतात आणि परस्पर गोळी बंद करतात. धोका इथेच आहे. आजार पुन्हा उसळू शकतो. शिवाय ४८ तासांहून अधिक खंड पडल्यास जुना डोस थेट घेता येत नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली अगदी कमी मात्रेपासून सुरुवात करावी लागते.

म्हणून त्रास डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. रात्री चहा-पाणी कमी करणे, झोपण्यापूर्वी लघवीला जाणे आणि गरजेनुसार डॉक्टरांनी मात्रा बदलणे, असे उपाय आहेत. लघवी पूर्ण अडली, तर मात्र तातडीने रुग्णालय गाठा.