दोन विमानांमधली मोकळी हवा

वारा पश्चिमेचा असला की मुंबईतल्या खारदांडा कोळीवाड्यात बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत असताना उत्तरेला, जुहूवरून, विमानं समुद्राकडे झेपावताना दिसतात. मागचं विमान कधी सोडायचं, हे टॉवरमधला नियंत्रक ठरवतो. मुंबई विमानतळाच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. विमानतळाजवळ दोन विमानांत साधारण साडेपाच किलोमीटर किंवा उंचीत १००० फूट अंतर लागतं. जड विमानामागे जास्तच. त्याच्या पंखांमागचे हवेचे भोवरे लहान विमानाला उलटवूही शकतात.

हे अंतर न राहिल्यानं काय होतं, ते १९९६ साली दिसलं. हरियाणातल्या चरखी दादरीवर एक विमान १५,००० फुटांची परवानगी मोडून खाली उतरलं आणि १४,००० फुटांवरच्या विमानावर आदळलं. ३४९ जण गेले. विमानात टक्कर टाळणारी यंत्रणा त्यानंतर भारतात सक्तीची झाली. ती आधीच व्हायला हवी होती.