उच्च व कनिष्ठ आत्मा (थिऑसॉफी)

थिऑसॉफीच्या मानवविषयक विचारातील एक मूलभूत भेद. जन्मोजन्मी टिकून राहणारे माणसातील चिरंतन तत्त्व म्हणजे उच्च आत्मा आणि देह, वासना व व्यवहारबुद्धी यांच्या संयोगाने एका जन्मापुरते साकार होणारे व्यक्तित्व म्हणजे कनिष्ठ आत्मा होय. येथे ‘आत्मा’ हा शब्द वेदान्तातील काटेकोर अर्थाने घेतल्यास गैरसमज होतो; कारण वेदान्तानुसार आत्म्याच्या ठिकाणी उच्चनीच भेद संभवत नाही. या विचाराची बहुतेक परिभाषा संस्कृतातून इंग्रजीत गेली व इंग्रजीतून पुन्हा मराठीत आली. या प्रवासात शब्द तेच राहिले, तरी त्यांचे अर्थ पालटले. सातारा व सांगली जिल्ह्यांच्या परिसरात समर्थ संप्रदाय आणि उमदी–इंचगिरी संप्रदाय यांनी ‘मी कोण?’ या प्रश्नाचा स्वतंत्रपणे विचार केलेला आहे. त्या विचाराशी तुलना केली असता थिऑसॉफीच्या भूमिकेचे वैशिष्ट्य व तिच्या मर्यादा स्पष्ट होतात.

पार्श्वभूमी : थिऑसॉफिकल सोसायटीची स्थापना हेलेना पेट्रोव्हना ब्लाव्हाट्स्की (१८३१–९१) व कर्नल हेन्री स्टील ऑल्कट (१८३२–१९०७) यांनी इतर सहकाऱ्यांसह १८७५ मध्ये न्यूयॉर्क येथे केली. १८७९ च्या फेब्रुवारीत हे दोघे मुंबईस आले व त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तेथून द थिऑसॉफिस्ट हे मासिक निघू लागले. १८८२ च्या अखेरीस संस्थेचे मुख्य ठाणे मद्रासजवळील अड्यार येथे गेले. म्हणजे या विचाराच्या घडणीची जवळजवळ चार वर्षे मुंबईत गेली. याच काळात तुकाराम तात्या पडवळ हे तिला मिळाले. जातिभेदविवेकसार (१८६१) या ग्रंथाचे हे कर्ते जोतीराव फुले यांच्या वर्तुळातील होते. त्यांनी योग व वेदान्त यांवरील ग्रंथ स्वस्त किंमतीत प्रसिद्ध केले आणि तुकारामांच्या अभंगांचा संग्रहही संपादित केला. सर्व माणसांत एकच दिव्य तत्त्व आहे, हा थिऑसॉफीचा सिद्धांत जातिभेदाच्या विरोधकांना जवळचा वाटणे स्वाभाविक होते.

सप्ततत्त्व विचार : ब्लाव्हाट्स्की यांच्या आरंभीच्या लेखनात शरीर, जीव व चैतन्य अशी माणसाची त्रिविध विभागणी आढळते. ए. पी. सिनेट यांच्या एसॉटेरिक बुद्धिझम (१८८३) या ग्रंथापासून सात तत्त्वांची मांडणी रूढ झाली व द की टू थिऑसॉफी (१८८९) या प्रश्नोत्तररूप ग्रंथात ब्लाव्हाट्स्की यांनी तिचे विवरण केले. स्थूलशरीर, प्राण, लिंगशरीर व कामरूप ही चार तत्त्वे नश्वर होत; त्यांना ‘अधश्चतुष्क’ म्हणता येईल. मनस, बुद्धी व आत्मा या तीन तत्त्वांचे ‘ऊर्ध्वत्रिक’ अविनाशी होय. यांपैकी ‘उच्च आत्मा’ ही संज्ञा ब्लाव्हाट्स्की काटेकोर अर्थाने केवळ सातव्या तत्त्वाला, म्हणजे विश्वात्म्यापासून अलग न होणाऱ्या किरणाला लावतात. पुनर्जन्म घेणाऱ्या मनसाला त्या ‘उच्च अहं’ म्हणतात. नंतरच्या लेखकांनी हा भेद नेहमी पाळलेला नाही; सामान्य वापरात उच्च आत्मा म्हणजे संपूर्ण ऊर्ध्वत्रिक असाच अर्थ घेतला जातो.

या रचनेचा सांधा मनस हा आहे. मनस एकच असले, तरी देहधारणेच्या काळात ते द्विविध होते. त्याचा एक भाग बुद्धीकडे ओढ घेतो, तर दुसरा कामाशी, म्हणजे वासनेशी, जडून राहतो. पहिले उच्च मनस व दुसरे कनिष्ठ मनस. या दोहोंना जोडणाऱ्या सेतूला ब्लाव्हाट्स्की यांनी ‘अंतःकरण’ हे नाव दिले. भारतीय दर्शनांत अंतःकरण म्हणजे मन, बुद्धी, चित्त व अहंकार यांचा समुदाय. सेतू हा अर्थ थिऑसॉफीने नव्याने दिलेला आहे. मृत्यूनंतर कनिष्ठ व्यक्तित्वाचे वासनामय अवशेष कामलोकात हळूहळू विरून जातात. त्या जन्मातील निःस्वार्थ प्रेम, ज्ञान व सद्विचार यांचे सार तेवढे उच्च अहं ग्रहण करतो, ‘देवचान’ नावाच्या विश्रांतीच्या अवस्थेत ते पचवितो आणि पुन्हा जन्म घेतो. एकच नट अनेक भूमिका करतो किंवा एका सूत्रात अनेक मणी ओवलेले असतात, त्याप्रमाणे एका उच्च अहंची अनेक व्यक्तित्वे होतात. साहजिकच माणसाचे नाव, नाती, जात व प्रतिष्ठा ही सर्व एका भूमिकेपुरती ठरतात. सेतू वापरात न राहिल्यास, म्हणजे आयुष्यात उदात्त असे काहीच न घडल्यास, त्या जन्मातून घेण्याजोगे काही उरत नाही. थिऑसॉफीच्या नीतिविचाराचा भर येथे आहे.

अंतर्गत मतभेद : या मांडणीला पहिला महत्त्वाचा आक्षेप संस्थेतूनच आला. अड्यारचे विद्वान सदस्य टी. सुब्बा राव (१८५६–९०) यांनी सप्ततत्त्वांची विभागणी अशास्त्रीय ठरवून तीन उपाधी व त्यांहून वेगळा आत्मा अशी तारकराजयोगातील चतुर्विध विभागणी पुरस्कारली. या प्रश्नावर १८८७ मध्ये द थिऑसॉफिस्ट मधून त्यांचा व ब्लाव्हाट्स्की यांचा वाद झाला. पुढे ॲनी बेझंट (१८४७–१९३३) व सी. डब्ल्यू. लेडबीटर यांनी निरनिराळ्या ‘शरीरां’चे तपशीलवार वर्णन केले. उच्च अहंच्या टिकाऊ वाहनास त्यांनी ‘कारणशरीर’ म्हटले. ज्यांना जगद्गुरू म्हणून पुढे आणण्यात आले होते, त्या जे. कृष्णमूर्ती (१८९५–१९८६) यांनी १९२९ मध्ये ‘ऑर्डर ऑफ द स्टार’ ही संघटना विसर्जित केली. उच्च आत्मा ही कल्पनाही विचाराचीच निर्मिती असून तिच्यामुळे अहंकार सूक्ष्म रूपाने टिकून राहतो, अशी त्यांची पुढील काळातील भूमिका होती.

समर्थ संप्रदायाशी तुलना : साताऱ्याजवळील सज्जनगड हे समर्थ रामदासांच्या अखेरच्या वास्तव्याचे व समाधीचे स्थान. त्यांच्या दासबोध या वीस दशकांच्या ग्रंथात स्थूल, सूक्ष्म, कारण व महाकारण अशा चार देहांचे निरूपण असून त्यांना अनुक्रमे जागृती, स्वप्न, सुषुप्ती व तुर्या या अवस्था जोडलेल्या आहेत. वरवर पाहता हे देह आणि थिऑसॉफीची तत्त्वे यांत साम्य दिसते. पण दोन्ही विवेचनांची दिशा भिन्न आहे. वेदान्तात कारणदेह म्हणजे अज्ञान. ज्या थरात स्वतःच्या स्वरूपाचा विसर बीजरूपाने असतो, तो हा देह होय. थिऑसॉफीत त्याच नावाचे शरीर जन्मोजन्मीच्या पुण्याईचे भांडार ठरते. शब्द एकच, पण एकीकडे तो त्याज्य वस्तूचा वाचक आहे, तर दुसरीकडे जतन करावयाच्या वस्तूचा. रामदास त्याही पुढे जातात. महाकारण देहातील सर्वसाक्षी अवस्था, म्हणजे मी ब्रह्म आहे ही जाणीवही, तत्त्वांचा झाडा घेताना अखेर मागे टाकावयाची असते. थिऑसॉफीतील साधक कनिष्ठाकडून उच्चाकडे चढतो. दासबोधातील साधक एकेक उपाधी वजा करीत जातो व शेवटी चढणारा कोणी उरत नाही.

उमदी–इंचगिरी परंपरा : सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यातील उमदी येथील भाऊसाहेब महाराज (१८४३–१९१४) हे निंबर्गी महाराजांचे शिष्य. विजापूर जिल्ह्यातील इंचगिरी येथे त्यांचा मठ व समाधी आहे. दीर्घकाळ, नियमित नामस्मरण हे त्यांचे मुख्य साधन. त्यांचे शिष्य रा. द. रानडे (१८८६–१९५७) हे सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. पुढे ते अलाहाबाद विद्यापीठात गेले. उपनिषदे व मराठी संत यांवरील त्यांच्या इंग्रजी ग्रंथांत तत्त्वांच्या वर्गीकरणापेक्षा साक्षात अनुभवाला व त्याच्या नैतिक कसोटीला अधिक महत्त्व दिलेले आहे. याच परंपरेतील सिद्धरामेश्वर महाराज (१८८८–१९३६) यांनी चार देहांचा विचार क्रमाने करून त्यांचा निरास करण्याच्या ‘विहंगम मार्गा’चा पुरस्कार केला. गुप्त गुरूंकडून मिळालेल्या ज्ञानावर थिऑसॉफीचा भर आहे. येथे मात्र समोर असलेल्या गुरूने दिलेले साधन व स्वतःचा विवेक पुरेसा मानला जातो.

व्यावहारिक बाजू : केवळ तत्त्वचर्चा म्हणून हा भेद दुय्यम वाटेल, परंतु चुकलेल्या माणसाकडे कसे पाहावे, हा प्रश्न त्यात अंतर्भूत आहे. या दृष्टीने औंध संस्थानातील एका प्रयोगाचा उल्लेख उचित ठरतो. या संस्थानचे मुख्य ठिकाण औंध हे सातारा जिल्ह्यात असून त्याचा आटपाडी हा भाग आता सांगली जिल्ह्यात आहे. (सांगली जिल्हा १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ या नावाने अस्तित्वात आला, त्यास सध्याचे नाव १९६० मध्ये मिळाले.) राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये प्रजेस स्वराज्याची घटना दिली. तिच्या आखणीत म. गांधींच्या मार्गदर्शनाबरोबरच राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि पोलंडमधून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांचा वाटा होता. त्याच सुमारास आटपाडीनजीक ‘स्वतंत्रपूर’ ही खुली वसाहत सुरू झाली. गंभीर गुन्ह्यांसाठी शिक्षा झालेले कैदी तेथे भिंतींवाचून, कुटुंबीयांसह राहून शेती करू लागले. दो आँखें बारह हाथ (१९५७) या व्ही. शांताराम यांच्या चित्रपटाची कल्पना याच प्रयोगावरून सुचली.

स्वतंत्रपूर ही थिऑसॉफीची संस्था नव्हती; तिची प्रेरणा मुख्यतः गांधीविचाराची होती. तथापि फ्रीडमन हे कृष्णमूर्तींच्या सहवासात आलेले होते व पोलंडमधील थिऑसॉफीच्या अनुयायी वांडा डिनोव्स्का यांचे सहकारी होते. पुढे मुंबईत ते सिद्धरामेश्वर महाराजांचे शिष्य निसर्गदत्त महाराज (१८९७–१९८१) यांच्याकडे जाऊ लागले व त्यांच्या मराठी संवादांचा फ्रीडमन यांनी केलेला इंग्रजी अनुवाद आय ॲम दॅट या नावाने १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. थिऑसॉफीचे वर्तुळ व उमदीची परंपरा या दोहोंचा असा संबंध एका व्यक्तीच्या जीवनात आलेला दिसतो.

मूल्यमापन : थिऑसॉफीच्या सूक्ष्म शरीरांना व मरणोत्तर अवस्थांना अनुभवनिष्ठ शास्त्राचा आधार नाही. तिने भारतीय संज्ञा मूळ संदर्भापासून तोडून वापरल्या, हा आक्षेपही रास्त आहे. शिवाय दोन आत्मे मानल्याने एक अडचण उद्भवते : अपराध कनिष्ठाचा आणि शुद्धता उच्चाची असे म्हटले, तर जबाबदार कोण, हे सांगता येत नाही. सेतूची कल्पना या अडचणीवरचा उपाय आहे. पण सेतूवरून जाणारा कोण, हा प्रश्न शिल्लकच राहतो. वेदान्ताने जीवाचे वेगळेपण मुळातच औपाधिक मानल्याने ही अडचण टळते. मात्र तेथे व्यक्तीच्या क्रमिक सुधारणेला अंतिम अर्थ उरत नाही. तो अर्थ देण्याचा प्रयत्न हे थिऑसॉफीचे वैशिष्ट्य होय. माणूस त्याच्या सर्वांत वाईट कृत्याएवढाच नसतो, हा विश्वास दोन्ही विचारांत समान आहे. त्याचे कारण मात्र प्रत्येक विचार निराळे देतो.