ईशान्य किनाऱ्यावरचे एक शहर

इंग्लंडच्या पूर्वेला हंबरच्या रुंद खाडीला उत्तरेकडून हल नावाची लहानशी नदी येऊन मिळते. त्या मुखावरच्या बंदराचे पूर्ण नाव किंग्स्टन अपॉन हल, पण तिथले लोक नुसते हल म्हणतात. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा शहराची वस्ती सव्वातीन लाखांच्या आसपास होती. बोटींतून धान्य, तेलबिया, लाकूड आणि मासळी उतरे. नदीकाठी पिठाच्या आणि तेलाच्या गिरण्या होत्या. पांढऱ्या कपड्यांना द्यायची रॉबिन नीळ आणि खरचटल्यावर लावायचे डेटॉल मराठी घरांत पोचवणाऱ्या रेकिट कंपनीचे मूळ गावही हेच. १९४० ते १९४५ या काळात हलवर ८२ हवाई हल्ले झाले. सुमारे १,२०० नागरिक मेले आणि दीड लाखांहून अधिक लोकांना कधी ना कधी घर सोडावे लागले. मृतांच्या आकड्यापेक्षा हा दुसरा आकडा हलची कहाणी अधिक सांगतो.

आकाशातून मरण येते, हे या शहराला १९१५ मध्येच कळले होते. त्या वर्षी जून महिन्यात झेपेलिन या जर्मन हवाई जहाजाने जुन्या गावठाणावर बॉम्ब टाकले, वीसएक माणसे मेली आणि संतापलेल्या जमावाने गावातल्या जर्मन खाटकांची दुकाने फोडली. पुढच्या वीस वर्षांत विमाने वाढली आणि सरकारी अंदाजही वाढले. युद्ध पेटले तर पहिल्या दोन महिन्यांत ब्रिटनमध्ये सहा लाख माणसे मरतील, असे १९३७ चा सरकारी हिशेब सांगत होता. प्रत्यक्षात सहा वर्षांत मेलेल्या ब्रिटिश नागरिकांची संख्या साठ हजारांच्या घरात राहिली. अंदाज चुकला यापेक्षा तो कोणत्या बाजूला चुकला, हे महत्त्वाचे. मेलेल्यांसाठी तयारी झाली, कोट्यवधी गॅस मास्क वाटले गेले, इस्पितळांत खाटा राखून ठेवल्या गेल्या. पण माणूस जिवंत राहील आणि घर मात्र जाईल, या शक्यतेकडे फारसे कुणाचे लक्ष नव्हते. समाजशास्त्रज्ञ रिचर्ड टिटमस यांनी युद्धानंतर लिहिलेल्या सरकारी इतिहासात हीच उणीव तपशीलवार मांडली आहे.

हलवर एवढे हल्ले होण्याची कारणे बरीचशी भूगोलात होती. उत्तर समुद्र ओलांडून येणाऱ्या वैमानिकाला अंधारातही हंबरची खाडी ओळखू येई, कारण पाणी चमकते आणि काळोख करून ते झाकता येत नाही. बंदर स्वतः लक्ष्य होतेच. शिवाय शेफील्ड किंवा लीड्सकडे गेलेले आणि लक्ष्य न सापडलेले विमान परतताना उरलेले बॉम्ब इथे मोकळे करी. १९ जून १९४० च्या रात्री पहिले बॉम्ब पडले. तिथून युद्ध संपेपर्यंत हलच्या लोकांनी भोंग्याच्या धाकाखाली हजारांहून अधिक तास काढले.

भोंगा वाजला की जायचे कुठे, हा प्रश्न हलमध्ये इतर शहरांपेक्षा बिकट होता. सरकारने परसात बसवायला दिलेल्या अँडरसन निवाऱ्याची रचना साधी होती. नालीदार पोलादी पत्रे कमानीसारखे वाकवून जोडायचे, ते जवळपास कंबरभर खोल खड्ड्यात उभे करायचे आणि वर फूट-सव्वा फूट मातीचा थर द्यायचा. आत लांबी साडेसहा फूट, रुंदी साडेचार फूट आणि उंची सहा फूट, आणि एवढ्यात सहा माणसांनी मावायचे. वर्षाला २५० पौंडांहून कमी मिळवणाऱ्या कुटुंबांना तो फुकट मिळे. वरच्या मातीत लोक भाजी लावत. पण हलची जमीन गाळाची आणि सखल, थोडे खणले की पाणी लागे. भोंगा वाजल्यावर निवाऱ्यात उतरायचे म्हणजे अनेक घरांत आधी बादलीने पाणी उपसायचे. शिवाय कामगारवस्तीत अरुंद बोळाच्या दोन्ही अंगांना घरे एकमेकांना चिकटून होती, आपल्याकडच्या बैठ्या चाळींसारखी. तिथे खड्डा खणायला परसच नव्हते. मग रस्त्यांवर आणि बोळांत विटा-काँक्रीटचे सामाईक निवारे उभे राहिले.

सर्वांत वाईट वर्ष १९४१. मार्च महिन्यात १८ तारखेच्या हल्ल्यात शंभराच्या आसपास माणसे गेली. मे महिन्यातल्या ७ ते ९ या दोन सलग रात्रींत चारशेच्या आसपास गेली आणि शहराचा मध्यभाग जळाला. हॅमंड्स हे मोठे दुकान, बंदरातला लाकडी रिव्हरसाइड धक्का, रँक यांची पिठाची गिरणी, ही सगळी त्या दोन रात्रींची हानी. व्हिक्टोरिया चौकातल्या प्रुडेन्शियल कंपनीच्या इमारतीच्या तळघरात आसऱ्याला गेलेली माणसे तिथेच मेली. सकाळी इमारतीचा मनोरा तेवढा उभा होता, तोही धोकादायक ठरवून नंतर पाडला. जुलैमध्ये पूर्व हलच्या कामगारवस्तीवर हल्ला झाला, त्यात आणखी १४० च्या आसपास माणसे मेली. रेकिटच्या कारखान्याचेही त्या रात्री मोठे नुकसान झाले.

युद्धाअखेरच्या मोजणीत शहरातल्या ९२,६६० घरांपैकी फक्त ५,९४५ घरांना काहीही झाले नव्हते. हा आकडा वाचून सगळे शहर भुईसपाट झाले, असे वाटते. तसे नव्हते. त्याचा उलगडा स्फोटाच्या जातीत आहे. जर्मन विमाने जहाजांसाठी बनवलेले सागरी सुरुंग पॅराशूटला बांधून शहरांवर सोडत. बॉम्ब जमिनीत घुसून फुटला की बरेचसे बळ खड्डा करण्यात खर्ची पडते. हा सुरुंग मात्र सावकाश उतरे आणि जमिनीच्या वरच फुटे, त्यामुळे हवेचा दाब आडवा पसरत जाई. जवळची घरे कोसळत, आणि दूरवरच्या घरांचीही कौले उडत, तावदाने फुटत, छताचा गिलावा खाली येई. धुराड्यात वर्षानुवर्षे साठलेली काजळी एका क्षणात खोलीभर पसरे. अशा घराची नोंद ‘किरकोळ नुकसान’ अशी होई, आणि ती चूकही नव्हती. पण यॉर्कशरच्या थंडीत कौले नाहीत, काचा नाहीत आणि अंथरुणात काजळी व काचांचा चुरा आहे, अशा घरात लेकरे घेऊन राहायचे कसे, याला त्या नोंदवहीत रकाना नव्हता. एकच घर दुरुस्त व्हावे आणि पुढच्या हल्ल्यात पुन्हा उघडे पडावे, असे वारंवार घडले.

घर गेलेल्या कुटुंबाला आधी शाळेत किंवा चर्चच्या सभागृहात उघडलेल्या केंद्रावर नेत. तिथे चहा, पाव आणि कांबळे मिळे. सुरुवातीची कल्पना अशी की माणसे चार-सहा तास थांबतील आणि आपापल्या नातेवाइकांकडे जातील. पण नातेवाईक शेजारच्याच गल्लीत राहत आणि त्यांचेही घर पडलेले असे. मग फेऱ्या सुरू होत. शिधापत्रिका एका कचेरीत, ओळखपत्र दुसरीत, कपड्यांसाठी पैसे तिसरीत, नुकसानभरपाईचा अर्ज चौथीत. १९४१ च्या कायद्याने घरांच्या युद्धहानीची भरपाई सरकारने अंगावर घेतली, हे मोठेच पाऊल होते. सगळी कामे एका छताखाली आणण्याचे शहाणपण मात्र अनेक शहरांना रांगा पाहूनच आले.

काहींनी सरकारी व्यवस्थेची वाट पाहिली नाही. संध्याकाळ झाली की माणसे पांघरुणांची गाठोडी घेऊन, बाबागाडीत मूल ठेवून शहराबाहेर निघत. कॉटिंगहॅमसारख्या आसपासच्या गावांत, गोठ्यांत किंवा उघड्या शेतात रात्र काढत आणि सकाळी परतून कामावर जात. अधिकाऱ्यांना प्रथम यात भेकडपणा दिसला. पण रात्री झोपून सकाळी गोदीवर वेळेत हजर होणारा माणूस भेकड कसा? तो आपली ताकद राखत होता. पुढे प्रशासनालाही हे मान्य करून वाहने आणि निवाऱ्याची सोय करावी लागली.

या सगळ्याची बातमी देशाला कळत होती, पण शहराचे नाव कळत नव्हते. नोव्हेंबर १९४० मध्ये कॉव्हेंट्री जळाले तेव्हा त्याचे नाव लगेच जाहीर झाले, जगभर गाजले, आणि तिथल्या भग्न कॅथीड्रलचे चित्र युद्धाची खूण बनले. हलबाबत मात्र वृत्तपत्रे आणि रेडिओ बहुतेक वेळा ‘ईशान्य किनाऱ्यावरचे एक शहर’ एवढेच सांगत. शत्रूला आपल्या बॉम्बचा परिणाम कळू नये, हा हेतू. मे महिन्याच्या त्या रात्रींनंतर हे कारण हलच्या माणसाला पटणे कठीणच होते. ही सल तिथे अजून आहे.

नाव झाकलेल्या या शहराकडे शास्त्रज्ञांचे मात्र बारीक लक्ष होते. गृहसुरक्षा खात्यासाठी सॉली झुकरमन आणि जे. डी. बर्नाल यांनी १९४१-४२ मध्ये हल आणि बर्मिंगहॅम या दोन शहरांची पाहणी केली. किती टन बॉम्बला किती घरे पडली, किती माणसे मेली, किती दिवस काम बुडाले, लोकांची झोप आणि मनःस्थिती कशी आहे, सगळे मोजले. हलच्या शाळांतल्या मुलांकडून हवाई हल्ल्यांच्या अनुभवावर निबंधही लिहून घेतले. निष्कर्ष स्पष्ट होता. लोकांना त्रास झाला, भीती वाटली, पण मनोधैर्य खचल्याचा पुरावा नाही. उत्पादन घटले ते जवळजवळ सगळे कारखान्यांवर थेट बॉम्ब पडल्यामुळे.

पाहणीचा अहवाल एप्रिल १९४२ मध्ये पूर्ण झाला. पण त्याआधीच, ३० मार्चला, चर्चिल यांचे विज्ञान सल्लागार लॉर्ड चेरवेल यांनी याच पाहणीतले आकडे उचलून पंतप्रधानांना एक टिपण पाठवले. एक टन बॉम्ब शंभर ते दोनशे माणसांना बेघर करतो. जर्मनीतल्या ५८ मोठ्या शहरांवर वर्ष-सव्वा वर्ष असा मारा केला तर त्या देशातली एक तृतीयांश जनता बेघर होईल. आणि माणसाचे मन घर पडण्याने जितके खचते तितके आणखी कशानेही नाही, असा त्याचा आशय. त्यात दाखल्याला हलच होते. एक दशांश घरे पडल्यावर तिथे ताणाच्या खुणा दिसल्या, असे चेरवेल यांनी लिहिले. आपल्या पाहणीतून उलटाच निष्कर्ष निघत होता, असे झुकरमन यांनी पुढे नोंदवले. शहरांवर सरसकट मारा करण्याचे धोरण फेब्रुवारीतच ठरले होते, त्यामुळे सगळा दोष या टिपणावर टाकणे बरोबर नाही. पण त्या धोरणाला आकड्यांचा आधार मिळाला तो इथून. हलच्या पाणी भरलेल्या निवाऱ्यांतून आणि काजळीने माखलेल्या खोल्यांतून जमवलेले ज्ञान दुसऱ्या बाजूच्या गिरणीकामगारांची घरे पाडायला वापरले गेले. जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्गवर झालेल्या हल्ल्यांत ३५ हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांतली बहुतेक एकाच रात्रीच्या अग्निवादळात. हलने साऱ्या युद्धात सोसले त्याच्या कितीतरी पट हे एका आठवड्यात.

हलवरचा शेवटचा हल्ला १७ मार्च १९४५ चा. युरोपातले युद्ध संपायला दोन महिनेही उरले नव्हते. एका विमानाने होल्डरनेस रोडवर रात्री गोळीबार केला, १२ माणसे मेली. वैमानिक असलेल्या शत्रूविमानाच्या हल्ल्यात ब्रिटनमध्ये मेलेले हे शेवटचे नागरिक.

पुनर्रचनेसाठी पालिकेने आधीच दोन मोठी नावे गाठली होती. एक नगररचनाकार पॅट्रिक अबरक्रॉम्बी, दुसरे नवी दिल्ली आखणारे एडविन लट्यन्स. आराखडा १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा लट्यन्स हयात नव्हते. त्यात रुंद रस्ते होते आणि बाजारपेठ नव्या जागी नेण्याची कल्पना होती. जुन्या जागेवरच्या व्यापाऱ्यांनी तिला कडाडून विरोध केला, पैसाही नव्हता, आणि आराखडा बहुतांशी कागदावर राहिला. बेघरांना तातडीने मिळाली ती कारखान्यात तुकड्यांनी बनवून आणलेली घरे. देशभर अशी दीड लाखांहून अधिक घरे दहा वर्षांच्या बोलीवर उभारली गेली, आणि त्यांतल्या अनेकांत लोक त्याच्या कितीतरी पुढे राहिले. हलच्या मध्यभागातल्या मोकळ्या जागा भरायला दशके लागली.

एक जागा अजून भरलेली नाही. बेव्हर्ली रोडवर नॅशनल पिक्चर थिएटर होते. १९४१ च्या मार्च महिन्यातल्या त्या रात्री तिथे चॅप्लिनचा ‘द ग्रेट डिक्टेटर’ चालू होता. हल्ला सुरू झाल्यावर दीडशे प्रेक्षक दर्शनी दालनात येऊन थांबले. सुरुंग इमारतीच्या मागच्या अंगाला फुटला, प्रेक्षागृह कोसळले, आणि दालनातले सगळेच्या सगळे जिवंत बाहेर आले. विटांची ती दर्शनी भिंत तशीच उभी राहिली. २००७ मध्ये तिला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला.