तीन कोर्टांनी दोषी ठरवलं, तरी सहाही निर्दोष

गैरसमज : खालपासून वरपर्यंत तीन कोर्टांनी दोषी ठरवलं, म्हणजे गुन्हा केलाच असणार.

वस्तुस्थिती : 5 जून 2003 च्या रात्री नाशिकजवळ पेरूच्या बागेत राहणाऱ्या एका कुटुंबावर दरोडा पडला. बलात्कार झाला, पाच जीव गेले. या गुन्ह्यात जालना जिल्ह्यातल्या भोकरदन भागातले, भटक्या जमातीचे सहा जण पकडले गेले. त्यांतला एक तेव्हा अल्पवयीन होता. 2006 मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. 2007 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांना जन्मठेप दिली. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही फाशीच ठोठावली. पुढे फेरविचार झाला, आणि 5 मार्च 2019 रोजी न्या. सिक्री, न्या. नझीर व न्या. शाह यांच्या खंडपीठाने सहाही जणांची निर्दोष मुक्तता केली. तोवर जवळजवळ सोळा वर्षं गजाआड गेली होती.

गैरसमज : असे लोक कायद्यातल्या पळवाटेने सुटतात.

वस्तुस्थिती : या खटल्यात काय घडलं ते पाहा. दरोड्यातून वाचलेल्या जखमी महिलेला पोलिसांनी दोनच दिवसांनी सराईत गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम दाखवला. तिने चौघांना ओळखलं. ते चौघे या सहांपैकी नव्हते. तरी त्यांचा तपास झाला नाही, आणि ही बाब दडवली गेली याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने सरकारी पक्षाला धारेवर धरलं. त्या चौघांबाबत पुढील तपास करा, कसूर करणारे अधिकारी शोधून कारवाई करा, असे आदेशही दिले. याला पळवाट म्हणणं त्या महिलेवरही अन्याय आहे. तिने पहिल्याच आठवड्यात सांगितलेलं कुणी ऐकलं नाही. अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवणारा, 1871 पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा 1952 मध्ये रद्द झाला, पण दरोडा पडला की पहिला संशय भटक्यांच्या पालावर जातो, ही खोड अजून मोडलेली नाही.

गैरसमज : फाशी प्रत्यक्ष जीव घेणाऱ्यालाच होते.

वस्तुस्थिती : पाच किंवा अधिक जणांनी मिळून दरोडा घातला आणि त्यात एकाने खून केला, तर सगळेच फाशीपर्यंतच्या शिक्षेला पात्र ठरतात. भारतीय दंड संहितेचं हे कलम 396 आता भारतीय न्याय संहितेत 310(3) आहे. वार कुणी केला हे सिद्ध करावं लागत नाही, त्यामुळे ओळख चुकली की निरपराध माणूस थेट फाशीच्या तोंडी जातो. इंग्लंडने असाच नियम 1957 मध्ये मोडीत काढला. कॅलिफोर्नियाने 2018 मध्ये त्याची व्याप्ती बरीच कमी केली. आपल्याकडे नव्या संहितेतही तो तसाच आला. माझ्या मते निदान फाशी तरी प्रत्येकाचा वाटा सिद्ध झाल्याशिवाय देता येऊ नये.

गैरसमज : निर्दोष सुटलं की सरकार भरपाई देतंच.

वस्तुस्थिती : या सहा जणांना प्रत्येकी पाच लाख मिळावेत, हा खास न्यायालयाचा आदेश होता. विनाकारण अटक घडवून आणणाऱ्याकडून भरपाई मिळवून देणाऱ्या जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 358 ची कमाल मर्यादा एक हजार रुपये होती. चुकीच्या खटल्यांत भरपाईचा स्वतंत्र कायदा करा, अशी शिफारस विधी आयोगाने ऑगस्ट 2018 मध्ये 277 व्या अहवालात केली आहे. त्या शिफारशीचं काय झालं, हे आपल्या खासदाराला जरूर विचारा.